माती सुकेपर्यंत

मी टेलिफोनवर काम करते असं कळलं, की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात: तुम्ही सगळ्यांचं ऐकता का हो? लग्नाच्या मांडवात विचारतात, रविवारची मिसा सुटल्यावर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायऱ्यांवर विचारतात. विचारताना आवाज खाली आणतात आणि लगेच थोडे मागे सरतात, जणू त्यांचंही काहीतरी मी ऐकून ठेवलं असेल. मी हसून नाही म्हणते. ते उत्तर पुरतं खरं नाही. पण पुरतं खरं उत्तर द्यायला पायऱ्यांवर उभं राहावं लागेल आणि सगळे माझ्याकडे बघत राहतील, ते मला जमत नाही. या अंकाच्या संपादकांनी जागा दिली आहे, तर इथे देते. लिहिताना समोर कुणी नसतं, हे सोयीचं आहे.

आमच्या कामाचा नियम असा. दोन माणसं जोडून द्यायची, एकमेकांचा आवाज पोचला याची खात्री करायची आणि बाजूला व्हायचं. वेळ संपत आली की पुन्हा कान लावायचा. म्हणजे आम्हाला बोलण्याची सुरुवात ऐकू येते आणि शेवट ऐकू येतो, मधलं नाही. पहिल्या वाक्यात तोंड बघणार नाही म्हणणारा माणूस शेवटच्या वाक्यात छत्री विसरू नकोस म्हणत असतो. दोन्हींच्या मध्ये काय घडलं ते आम्हाला माहीत नसतं. नवीन असताना मला याचं फार नवल वाटायचं. आता वाटत नाही, पण मी अजून ऐकते, शेवट कसा होतो ते.

मी वसईजवळच्या वटार गावची. शिकले मात्र वांद्र्याला, मावशीकडे राहून, सिस्टरांच्या शाळेत. शाळेत सगळं इंग्रजीत. सुट्टीत घरी आले की चुलतभावंडं माझ्या मराठीला हसत, आणि शाळेत परत गेले की तिथल्या मुली माझ्या तोंडून चुकून निघालेल्या गावच्या शब्दांना हसत. त्यावर मी सोपा उपाय काढला, दोन्हीकडे कमी बोलायचं. मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात जायचं माझ्या मनात होतं. पण बाबांचा दमा वाढला, आमच्या बागायती वाडीत माणसं कमी पडू लागली आणि बाबांनी एका वाक्यात सांगितलं की आता पुरे. मी उलट बोलले नाही. पुढे वसईच्या एक्स्चेंजवर इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती, आणि कमी बोलणारी मुलगी दिवसभर बोलण्याच्या नोकरीला लागली. गावात बरेच दिवस हा विनोद चालला.

खरं तर ते काम माझ्यासारखीलाच बरं. कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. मुंबईच्या ऑपरेटरला आम्ही वसई नव्हतोच, बेसीन होतो. 'हॅलो बॉम्बे, बेसीन कॉलिंग' असं म्हणताना मला वाटे, बोलते आहे ती कुणी दुसरीच मुलगी आहे, धीट आणि कामात चोख. ती मला आवडायची.

एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागच्या बाजूला कपाटाएवढा लाकडी बोर्ड. त्यावर ओळीने छोटी पितळी झाकणं. प्रत्येक झाकण म्हणजे एक टेलिफोन. वसईत तेव्हा टेलिफोन असे कितीसे? मामलेदार कचेरी, डॉक्टर, मिठागराचं ऑफिस, केळ्यांचे दोघे-तिघे व्यापारी. कुणी आपल्याकडचा दांडा फिरवला की त्याचं झाकण टक् करून पडे. मी दोरीचं एक टोक त्याच्या भोकात खुपसून नंबर विचारायची आणि दुसरं टोक हवं तिथे जोडून द्यायची. बोलणं संपलं की पुन्हा टक्. मग दोन्ही टोकं उपसायची. दोरी आपल्या वजनाने सरकन खाली जाई, आणि बोर्ड पहिल्यासारखा मोकळा. कुणाचं लग्न ठरलेलं असो की कुणी गेलेलं असो, बोर्डावर त्याचा डाग राहत नसे.

ज्यांच्या घरी टेलिफोन नाही ते पोस्टात येत. मुंबईला बोलायचं तर आधी नाव द्यायचं, मग बाकावर बसायचं. खाडीपलीकडे जाणारी लाइन एकच, आणि ती मोकळी मिळेल तेव्हा खरी. कधी चहा पिऊन होईपर्यंत मिळे, कधी दिवस जाई. लाइन आली की मी हाक द्यायची आणि माणूस कोपऱ्यातल्या लाकडी केबिनमध्ये जायचा.

बोर्ड आणि बाक यांच्यामध्ये फळ्यांचा आडोसा होता. तो जमिनीपासून गुडघ्याएवढा वर सुरू व्हायचा. त्यामुळे बसलेल्या माणसांचे मला फक्त पाय दिसत. हेही मला सोयीचं. पायांकडे कितीही वेळ बघितलं तरी ते उलट बघत नाहीत. हळूहळू मला पाय कळायला लागले. रागावलेल्या माणसाच्या टाचा टेकत नाहीत. वाईट बातमी सांगायला आलेला माणूस एका पायाने दुसरा पाय चेपत बसतो. आणि बराच वेळ गेला की कसाही माणूस असो, पाय लांब होतात, बोटं सुटी होतात. चेहरा अजून आंबट असेलही, पाय आधी सोडून देतात.

अर्नाळ्याची कोळीण जानकी रिकामी पाटी घेऊन आली तो दिवस आठवतो. मुंबईच्या दलालाने तिच्या पापलेटांना नासकी म्हटलं होतं, आणि तेही चारचौघांत. त्याला ती काय काय ऐकवणार होती ते तिने आधी आम्हालाच ऐकवलं. पोस्टमास्तर तपकीर ओढायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभे राहिले. मग ती बाकावर बसली. लाइन येईना. तिने पान लावलं, भिंतीला टेकून एक डुलकी काढली, उठून फळ्यांवरून डोकावून माझं लग्न झालं आहे का विचारलं. सुरमई ताजी आहे की नाही ते कल्ले उघडून कसं बघायचं तेही मला शिकवलं. लाइन आली तेव्हा मी कानावरचा हेडफोन जरा दूर धरला होता. ती केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, "शेट, बर्फ कवा पाठवता?"

बाहेर आल्यावर माझ्या तोंडून, का कोण जाणे, प्रश्न निघून गेला, की ते सगळं बोलायचं होतं त्याचं काय झालं? तिने पाटी कमरेवर घेतली आणि क्षणभर आठवून बघितलं.

"ते मगाशी होतं गो," ती म्हणाली. "आता नाय तर काय उकरून काढू?"

हे एकीकडे. दुसरीकडे आमच्याच गावचे एक शिक्षक. त्यांना मुलगी झाली, हे सासूबाईंना कळवायला ते आले. इतके खूश होते की पोस्टात तिकीट घ्यायला आलेल्यांनाही पेढे दिले. मला फळ्यांखालून दिला, कारण मी उठून बाहेर येईना. मग ते बसले, आणि बसूनच राहिले. पेढ्यांचा कागद घडी घालून खिशात गेला. पाय आधी नाचत होते, ते थकून आडवे झाले. लाइन आली तेव्हा ते म्हणाले, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, आता ठेवतो. बाजारभाव सांगावा तसं. पलीकडची आजी रडत हसत होती आणि त्यांना तिच्याबरोबर हसता येत नव्हतं. त्यांचं हसू बाकावरच खर्च झालं होतं. त्या दिवशी लाइन उशिरा आली याचं मला अजून वाईट वाटतं, जरी ते माझ्या हातात नव्हतं.

अशी बरीच माणसं बघून मी मनाशी एक कायदा केला. राग असो, आनंद असो, भीती असो, माणसावर येते आणि माणसावरून जाते. आपण बाकावर बसून राहायचं. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, कारण मी तेव्हा विशीत होते. कायद्याला एकच अपवाद होता, तो माझा स्वतःचा. बाबांवरचा राग मी या हिशेबात धरला नव्हता. तो मला न्यायाचा वाटायचा, म्हणून टिकाऊ. घरी मी विचारलेल्याचं उत्तर द्यायची, ताट वाढायची, औषध आणायची, आणि त्यापलीकडे बोलायची नाही. त्या गप्प राहण्याला मी रोज थोडं पाणी घालत असे.

मग गिरीज गावचा बस्त्यावकाका आला.

बस्त्याव आमच्या बाबांच्या ओळखीचा. केळी आणि पानवेलीची वाडी, बायको आणि एकुलता मुलगा गाब्रियल. घरी त्याला गाब्रू म्हणत. गाब्रू मुंबईला माझगावात राहून एका कारखान्यात काम शिकला होता. बापाचं म्हणणं, शिकलास तर आता वाडीवर ये, रहाटाला इंजीन बसव. मुलाचं म्हणणं वेगळं. वर्षभर दोघांचं बोलणं तुटक चाललं होतं. त्या सकाळी बस्त्याव वाडीला पाणी देत होता, तेव्हा मुंबईहून भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतलेला शेजारी कुंपणापाशी थांबला आणि सहज म्हणाला, गाब्रू उद्या बोटीवर चढतोय ना? इराणात, आबादानला की कुठे, नोकरीला. बस्त्यावला ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने पाणी तसंच सोडलं आणि तो चालत पोस्टात आला.

मला आधी त्याचे पाय दिसले. गुडघ्यापर्यंत ओली, काळी माती. फरशीवर प्रत्येक पावलाचा ठसा उमटला आणि त्यातून पाणी ओघळलं. टाचा टेकलेल्या नव्हत्या. त्याने माझगावचा नंबर दिला. गाब्रू राहायचा त्या खोल्यांखाली एका इराण्याचं हॉटेल होतं, टेलिफोन त्या हॉटेलचा. अशा वेळी माणसाच्या नावाने कॉल लावतात. हॉटेलवाला वर हाक मारून माणसाला खाली बोलावतो.

पोस्टमास्तरांनी त्याला समजावलं. आत्ता निघालास तर गाडीने संध्याकाळच्या आत मुलाला भेटशील, म्हणाले, फोनचा काय भरवसा?

"त्याचं तोंड बघायचं नाय," बस्त्याव म्हणाला. "म्हनून तर फोन."

मग काय सांगणार आहेस, असं मास्तरांनी विचारलं नाही, पण त्याने सांगितलंच. घर बंद झालं म्हणून सांगणार होता. एवढं एकच सांगायचं, ते बोट सुटण्याआधी.

त्या दिवशी लाइन सकाळपासून बिघडली होती. नायगावच्या बाजूला कुठेतरी नारळाची झावळी तारांवर पडून अडकली होती, त्यामुळे सगळे आवाज एकमेकांत मिसळत होते. आमचा लाइनमन दामू सायकलला बांबू बांधून निघून गेला होता. मी बस्त्यावला तसं सांगायला हवं होतं. मी पोस्टमास्तरांना सांगितलं, आणि त्यांनी त्याला सांगितलं. माझी पद्धत तीच होती.

तो बसून राहिला. आधी माती पायांवर चमकत होती. मग कडेने फिकी पडू लागली. तो उठला, दारापर्यंत गेला, परत बसला. देवळाची बाराची घंटा झाली तेव्हा त्याने टोपी काढली आणि उभं राहून प्रार्थना म्हटली, ओठांतल्या ओठांत, शेवटपर्यंत. रागात असला तरी त्याने एकही शब्द गाळला नसावा, कारण टोपी परत चढवायला त्याला पुरेसा वेळ लागला. त्यानंतर त्याने पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर मास्तरांशी बोलू लागला, आधी केळ्यांवर पडलेल्या रोगाबद्दल, मग विड्याच्या पानांबद्दल, मग होता होता गाब्रूबद्दल. गाब्रू लहानपणी बावखलात पडला होता. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. बापाने त्याला केसांना धरून बाहेर ओढला, आणि वर आल्यावर पोर म्हणालं, केस दुखतात. हे सांगताना बस्त्याव हसला. मी फळ्यांखालून बघितलं. माती राखाडी झाली होती, तिला तडे गेले होते, आणि त्याच्या टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या होत्या. एक पाय दुसऱ्याला घासून तो माती पाडत होता. त्याचं त्याला भान नव्हतं.

माझा कायदा खरा ठरला, असं मला वाटलं. आता लाइन आली तरी हरकत नाही.

लाइन आली. दामूने झावळी काढली असणार, कारण मुंबईची ऑपरेटर एकदम शेजारच्या खोलीत असल्यासारखी ऐकू आली. मी माझगाव मागितलं, इराण्याने वर हाक मारली, जिन्यावरून धावत कुणी आलं. मी बस्त्यावला हाक दिली. तो केबिनमध्ये गेला. दोन्हीकडचा आवाज पोचतो का हे बघायला मी कान लावला.

"हॅलो? बाबा?" गाब्रू म्हणाला.

एवढंच. आणि केबिनच्या दाराखाली मला बस्त्यावच्या टाचा वर उचललेल्या दिसल्या.

मी नियमाप्रमाणे कान बाजूला केला. पण केबिनचं लाकूड पातळ होतं, एका बाजूचं बोलणं सगळ्या पोस्टाला ऐकू येत होतं. मघाशी हसलेला माणूस तो नव्हताच. सकाळचा माणूस परत आला होता, सकाळपेक्षा ताजा. आमची बोली जशीच्या तशी लिहिली तर बाहेरच्या वाचकांना कळणार नाही, आणि तो जे बोलला ते सगळं लिहावंसंही वाटत नाही. बापाला शेजाऱ्याकडून कळतं, आईला चोर केलंस, वाडी काय मी छातीवर घेऊन जाणार आहे का, असं तो बोलत राहिला. मी बोर्डाकडे बघत बसले. जानकी, शिक्षक, इतक्या लोकांचे पाय, त्यांच्यावरून केलेला माझा कायदा, सगळं कच्चं निघालं. राग गेला नव्हता. बाहेर जाऊन दारामागे उभा होता, ओळखीचा आवाज आला तसा आत शिरला.

ट्रंक कॉलची वेळ तीन मिनिटांची. ती संपली की आम्ही मध्ये बोलतो. ठरलेलं वाक्य इंग्रजी. गिऱ्हाइकाने वाढवा म्हटलं तर वाढवायचं, काहीच बोललं नाही तर तोडायचं. मी कान लावला तेव्हा बस्त्यावचं शेवटचं वाक्य चाललं होतं.

"आनि मी मेलो तरी मातीला येऊ नको."

"थ्री मिनिट्स, प्लीज," मी म्हणाले.

कुणी बोललं नाही. तारेची गुणगुण तेवढी येत होती. नियमाने आता दोरी उपसायची. माझी बोटं प्लगवर होतीच. दोरी आपल्या वजनाने खाली जाणार, बोर्ड मोकळा होणार, आणि उद्या गाब्रू हे वाक्य घेऊन समुद्रावर जाणार. परत कधी येईल कुणाला ठाऊक. माणसाचा राग जातो हे मी इतकी वर्षं बघत होते, पण तो जाताना माणूस बाकावर बसलेला असायचा, वेळ त्याच्यापाशी असायचा, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. जाणाऱ्याला जायला दार उघडं लागतं. इथे दार माझ्या दोन बोटांत होतं.

आम्ही एकदाच विचारतो, दोनदा नाही. आणि गिऱ्हाइकाचं नाव तर कधीच घेत नाही. इंग्रजीत काही सुचेना. ती धीट मुलगी नेमकी तेव्हाच कुठे गेली कळलं नाही.

"बस्त्यावकाका," मी गावच्या बोलीत म्हणाले, "येळ झाली. आनखी बोलायचं हाय का?"

"कोन बोलतंय?" बस्त्यावने विचारलं.

"मी. वटारच्या पास्कूची."

"पास्कूची पोर?" तो म्हणाला. "आम्हाला वाटलेलं ती मुकी हाय."

माझगावकडून हसू आलं. गाब्रूचं, नाकातून निसटलेलं, आवरायला गेला आणि आवरलं नाही असं. बस्त्याव हसला नाही. पण त्याने श्वास सोडला तो मला स्पष्ट ऐकू आला, आणि दाराखाली त्याची एक टाच टेकली.

"वाढवू?" मी विचारलं.

"वाढव."

वाढवलेली वेळ चालली होती आणि दोघे बापलेक नुसते एकमेकांचा श्वास ऐकत होते. मी बाजूला व्हायला हवं होतं. पण इतक्या शांततेत लाइन जोडलेली आहे की नाही तेच कळेना, म्हणून मी राहिले. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"गाब्रू," शेवटी बस्त्याव म्हणाला.

"हां बाबा."

"बोटीवर गोडं पानी मिळतं का रे?"

"मिळतं. टाकी असते मोठी."

"पियाचं का नुसतं अंघोळीचं?"

"पियाचं, बाबा." मग त्यानेच विचारलं, "बावखलात आता किती हाय?"

"खालच्या पायरीला लागलंय. सकाळी सोडलं तसंच टाकून आलो. तुझी आई वळवील."

मी कान बाजूला केला. या वेळी खरोखर केला. पुढचं त्यांचं बोलणं मला माहीत नाही, आणि केबिनमधून काही ऐकू आलं नाही, कारण तो आता हळू बोलत होता.

बाहेर आला तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितलं आणि बाकाखाली बघून ओशाळला. दिवसभराची माती तिथे पडली होती, खपल्या खपल्या झालेली. "माती पडली गो," तो फळ्यांकडे बघून म्हणाला. राहू द्या, मी म्हणाले. त्याने टोपी चढवली, बाबांचा दमा कसा आहे विचारलं आणि निघाला. शिपाई त्या दिवशी रजेवर होता, म्हणून मी केरसुणी घेतली. सकाळी जी माती पाय ओढून धरत होती, तिला आता वजन नव्हतं. एका खपलीवर अंगठ्याचा ठसा अजून होता. केरसुणी लागली तसा तोही फुटला आणि सगळं दाराबाहेर गेलं.

बस्त्यावला त्या दिवशी शांती लाभली, असं मी लिहिणार नाही. नंतर कळलं की तो बायकोशी बरेच दिवस धड बोलला नाही. गाब्रूच्या रिकाम्या खाटेवर त्याने केळ्यांचे घड ठेवायला सुरुवात केली आणि मग एक दिवस आपणच ते उचलले. राग येत होता, जात होता. पण शेवटचं वाक्य पाण्याचं होतं, मातीचं नव्हतं, आणि त्यावर बाकीचं सगळं निभावलं.

त्या संध्याकाळी मी घरी गेले. बाबा ओटीवर बसून धाप आवरत होते. एरवी मी सरळ आत गेले असते. त्या दिवशी म्हटलं, बस्त्यावकाका तुमची चौकशी करत होता, त्याला वाटत होतं मी मुकी आहे. बाबा हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाले, "मी पन तेच समजून होतो." मी पाणी आणून दिलं. ते पीत असताना मी मनात बघितलं, तर तो जुना राग नेहमीच्या जागी नव्हता. मी घाबरलेच थोडी, इतकी त्याची सवय होती. तो गेला असं नाही. पुढेही आला, कुणाची मुलगी बी. ए. झाली म्हणून ऐकलं की हटकून येई, अजूनही येतो. फरक एवढाच की आता तो आला की मला झाकण पडल्यासारखं टक् ऐकू येतं. मी त्याला विचारते काय हवं, त्याचं बोलून होऊ देते, आणि दोरी उपसते. त्याने माझ्या घरी मुक्काम करायला हवा असं मला वाटत नाही, आणि त्याने कधी येऊच नये असा हट्टही आता नाही.

मुंबईत म्हणे आता नंबर फिरवला की लाइन आपोआप जुळते, मध्ये कुणी नसतं, थांबावं लागत नाही. वसईलाही कधीतरी ते येईल. मला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, मी काही जन्मभर फळ्यांमागे बसणार नाही. फक्त तो बाक काढून टाकतील का, असं मनात येतं.

पुढच्या हंगामात बस्त्याव पुन्हा आला. केळ्यांच्या व्यापाऱ्याने माल परत पाठवला होता आणि त्याला फोनवर धरायचं होतं. गाब्रू आबादानला बरा होता. त्याने आईला चिनी मातीच्या बशा पाठवल्या होत्या. हे सगळं बस्त्यावने फळ्यांवरून वाकून मला सांगितलं, आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. लाल झालेला होता, व्यापाऱ्यामुळे. मी नंबर लिहून घेतला आणि सांगितलं, लाइन मोकळीच आहे, आत्ता देते.

"नको गो बाय," तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. मी खाली बघितलं. त्याच्या पायांत नव्या वहाणा होत्या, पाय धुतलेले, स्वच्छ. टाचा अजून उचललेल्या होत्या.

"घाई नाय," तो म्हणाला. "माती सुकू दे."